अडगळ, त्याग आणि विसर्जन

घरातील नको असलेल्या वस्तू काढून टाकणे हे वरकरणी साफसफाईचे काम आहे. झाडू, चार पोती आणि भंगारवाल्याचा टेम्पो एवढ्यावर ते उरकायला हवे. पण रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या चिरेबंदी घराचा माळा उपसायला घेतला की तासाभरातच काम अडते, आणि अडण्याचे कारण बहुधा धार्मिक असते. आजीच्या सोवळ्याचे काय करायचे? हात तुटलेला रांगता बाळकृष्ण कुठे ठेवायचा? मोडी लिपीतले दप्तर जाळले तर चालेल का? असल्या प्रश्नांना ‘मग करू’ हे एकच उत्तर मिळते आणि वस्तू पुन्हा माळ्यावर जातात. भालचंद्र नेमाडे यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू’ या कादंबरीच्या उपशीर्षकात जगण्यालाच समृद्ध अडगळ म्हटले. कोकणातल्या माळ्यावर हे विशेषण शब्दशः खरे ठरते, फक्त समृद्धी कुठे संपते आणि अडगळ कुठे सुरू होते हे ठरवणारा माणूस घरात नसतो.

साठवण हा कोकणात कधी दोष मानला गेला नाही, आणि तसा मानणे परवडणारेही नव्हते. इथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे संपण्याआधी लाकूडफाटा पडवीत रचायचा, सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, पापड, कुळीथ भरून ठेवायचे, भात कणगीत आहे ना ते पाहायचे. ही बेगमी केली नाही तर श्रावणात चूल पेटायची नाही. धर्मशास्त्रालाही गृहस्थाची ही गरज ठाऊक होती. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात साठ्यावरून ब्राह्मण गृहस्थांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : कोठारभर धान्य ठेवणारा कुसूलधान्य, मडकेभर ठेवणारा कुंभीधान्य, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा अश्वस्तनिक. यात पुढचा मागच्यापेक्षा श्रेष्ठ आहे, पण कोठार भरणाराही गृहस्थच आहे. त्याला कोणी बाहेर काढलेले नाही. शिवाय हे मोजमाप धान्याचे आहे, आणि धान्य खाऊन संपते. बेगमीला मुदत असते. माळ्यावरच्या फुटक्या कंदिलाला, तळ गेलेल्या घंगाळाला आणि कुणीतरी कधीतरी दुरुस्त करील म्हणून ठेवलेल्या तीन छत्र्यांना मुदत नसते. साठा आणि अडगळ यांतला फरक संख्येचा नाही, तो वापराचा आहे.

अपरिग्रहाचा विचार याच्याही पुढे जातो. जैन परंपरेत ते पाचवे महाव्रत आहे. दिगंबर मुनी पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ यांपलीकडे काही बाळगत नाहीत. गृहस्थासाठी मात्र त्याचे परिग्रह-परिमाण होते : किती जमीन, किती भांडी, किती वस्त्रे याची मर्यादा ज्याने त्याने स्वतःच आखायची आणि ती ओलांडायची नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलीच नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूत गुंतून भान हरपणे, हाच त्यांच्या मते परिग्रह. या व्याख्येने रिकाम्या खोलीत बसलेला मनुष्यही परिग्रही असू शकतो, आणि आपले घर किती मोकळे, किती पांढरेशुभ्र आहे हे चार लोकांना दाखवणारा तर हमखास असतो.

पतंजलींच्या पाच यमांतही अपरिग्रह शेवटचा आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्य त्याचे कारण देताना विषयांमधील पाच दोष दाखवते : मिळवण्याचा, राखण्याचा, नाशाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. यांतला राखण्याचा दोष दमट किनाऱ्यावरच्या घराइतका दुसरीकडे क्वचितच कळेल. पावसाळ्यात ट्रंकेतल्या रेशमी लुगड्यांवर बुरशी येते, पुस्तकांची पाने चिकटतात, लाकडी पेटाऱ्याला तळातून वाळवी लागते आणि वरून तो धडधाकट दिसत राहतो. पितळेला डाग पडतात, तांब्याला हिरवट कळंक चढतो. म्हणून दसऱ्याच्या आगेमागे सगळे अंगणात काढून त्याला ऊन दाखवायचे, पुसायचे, पुन्हा आत ठेवायचे. हे काम वर्षानुवर्षे घरातल्या बायकांनी केले. अपरिग्रहाची चर्चा करणाऱ्या ग्रंथांत या कष्टांचा उल्लेख नाही. व्रत पुरुषाच्या नावावर आणि राखण स्त्रीच्या अंगावर, अशी ही वाटणी झाली. ‘असू दे घरात, काय खायला मागतंय’ असे म्हणणारा बहुधा ते पुसणारा नसतो.

नाशाचा दोष चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी पाहिला. वाशिष्ठीचे पाणी रात्रीत शहरात शिरले आणि ओसरले तेव्हा गाद्या, कपाटे, फ्रीज, वह्या, देवांच्या तसबिरी यांचे चिखलाने माखलेले ढीग रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. घरे एका दिवसात रिकामी झाली, पण त्याला कोणी त्याग म्हणणार नाही. वस्तू गेली म्हणून परिग्रह जात नाही. बहुतेकांनी वर्षभरात तेच सगळे पुन्हा आणले, आणि त्यांत काही चूकही नव्हते.

गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली. त्यांत अपरिग्रह त्यांनी अस्तेयाला जोडला. आज गरज नसलेली वस्तू साठवणे म्हणजे ती ज्याला हवी आहे त्याच्यापासून ती अडवून ठेवणे, आणि म्हणून ती चोरीच्याच जवळची गोष्ट, असा त्यांचा रोख. इथे प्रश्न मनाच्या शांतीचा राहत नाही, न्यायाचा होतो. माळ्यावर नुसत्या पडलेल्या सहा गोधड्यांचा संबंध थंडीत कुडकुडणाऱ्या कुणाशी तरी लागतो.

याच दिशेने गेले की त्यागाची परीक्षा सुरू होते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार आहेत. कर्माने शरीराला त्रास होतो म्हणून ते सोडणे हा राजस त्याग, आणि त्याला त्यागाचे फळ नाही, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. तो विचार कर्माचा असला तरी वस्तूंनाही चपखल बसतो. पुसायचा कंटाळा आला, फ्लॅट लहान पडला, पाहुणे येणार आहेत, म्हणून घर मोकळे करणे ही सोय आहे. सोय करून घेण्यात पाप काहीच नाही, फक्त तिला वैराग्य म्हणू नये. जपानच्या मारी कोंदो यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये आला आणि वस्तू हातात घेऊन ‘हिच्यामुळे आनंद होतो का’ एवढेच विचारायची त्यांची पद्धत जगभर गेली. निकष सोपा आहे, उपयोगीही आहे. पण त्याच्या मध्यभागी मालकाचा आनंद आहे. गीतेच्या वर्गीकरणात तो कुठे बसेल हे सांगायला पंडित लागत नाही. कोंदो यांच्या पद्धतीतला दुसरा भाग, टाकण्यापूर्वी वस्तूचे आभार मानण्याचा, भारतीय वाचकाला जास्त ओळखीचा वाटावा. तरुणपणी त्यांनी शिंतो देवस्थानात सेवा केली होती.

नको असलेले दुसऱ्याला देऊन टाकणे आणि त्याला दान म्हणणे, ही युक्ती फार जुनी आहे. कठोपनिषदाची सुरुवातच तिथून होते. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व देण्याचे ठरवतो आणि प्रत्यक्षात देतो त्या गायी पाणी पिऊन संपलेल्या, गवत खाऊन संपलेल्या, आटलेल्या, वांझ. मुलगा नचिकेत हे पाहतो आणि ‘मला कोणाला देणार?’ असे बापाला विचारतो. पुढे यमाच्या दारात आत्म्याविषयी जो संवाद होतो त्याचे मूळ हे असे घरातली अडगळ दान म्हणून खपवण्यात आहे. उपनिषदाच्या अभ्यासात हा भाग प्रस्तावनेसारखा उरकला जातो, ते बरोबर नाही. मृत्यूनंतर काय उरते हा प्रश्न ज्याला पडला, त्याला आधी आपल्या वडिलांचा कंजूषपणा दिसला होता.

आजही पूर आला की मदतीच्या गाठोड्यांतून विटके, फाटके, बटणे गेलेले कपडे येतात आणि ते वेगळे काढण्यातच स्वयंसेवकांचे दिवस जातात. त्यापेक्षा बोहारणीचा व्यवहार स्वच्छ होता. जुनी लुगडी, पँटी, सदरे तिच्यापुढे टाकायचे, घासाघीस करायची आणि एक पातेले घ्यायचे. तिथे पुण्याचा दावा कुणाचाच नसे. कपडा मात्र वापरात राही. मृत व्यक्तीच्या वस्तूंबाबतही परंपरेने पाळलेली अट लक्षात घेण्यासारखी आहे. उत्तरक्रियेत शय्यादान सांगितले आहे, त्यात अंथरूण, पांघरूण, छत्री, पादत्राणे, भांडी द्यायची, पण ती नवी किंवा वापरण्याजोगी. मागे राहिलेल्यांना त्या माणसाची खाट डोळ्यांसमोरून हलवायची असते ही गोष्ट वेगळी, आणि दान वेगळे. एका विधीत दोन्ही साधतात, म्हणून गोंधळ होतो.

सर्वांत अवघड वस्तू म्हणजे ज्यांच्यावर दुसऱ्याचे नाव आहे त्या. पितळेच्या हंड्याच्या किंवा तांब्याच्या घागरीच्या काठावर ठोकून कोरलेले असते : अमक्याच्या लग्नात तमक्या मामाकडून, खाली तारीख किंवा गावाचे नाव. हंडा उचलायला दोन माणसे लागतात, पाणी तापवायला बंब आणि मग गीझर आला, हंड्याचे काम संपले. मोडीत घातला तर वजनाचे पैसे येतील. पण मोडीत जाणार ते पितळ, आणि काठावरचा मामा? भांड्याचे काम संपले तरी त्याची साक्ष संपत नाही, म्हणून ते माळ्यावर चढते. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी असल्याच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते, कुलपे, वाड्यांच्या चौकटी, खेडोपाडी फिरून गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. प्रत्येक घराने तसे करायचे ठरवले तर जिल्ह्यात माणसांना राहायला जागा उरणार नाही. पण सगळ्यांनीच मोडीत घातले असते तर तेही संग्रहालय उभे राहिले नसते.

कागदांचे तसेच. खोती रद्द करणारा कायदा १९४९ सालचा, त्यालाही आता पाऊणशे वर्षे झाली. तरी खोताच्या किंवा कुळाच्या घरात फडक्याच्या रुमालात बांधलेली दप्तरे सापडतात. मोडी वाचणारे घरात कोणी नाही, त्यामुळे ते गहाणखत आहे की वाण्याचा हिशेब हेही कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच टाकवत नाही. परंपरेत दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. तुकोबांनी सावकारीच्या खतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तिथे कागद बुडवणे म्हणजे दुसऱ्याला ऋणातून सोडवणे होते. उलट इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लोकांच्या घरांतले असेच कागद धुंडाळले आणि वाईला मिळालेल्या कागदांवर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. ज्याने दुसरा बांधलेला आहे तो कागद बुडवावा आणि ज्याने काही कळणार आहे तो वाचून घ्यावा, एवढा भेद करायला आधी तो वाचावा लागतो.

यानंतर देवघर. अडगळीचा प्रश्न धर्मशास्त्राने खऱ्या अर्थाने इथेच सोडवला, आणि त्यात रत्नागिरीचा वाटा मोठा आहे. ‘धर्मसिंधु’ हा आजही पुरोहितांच्या हाताशी असणारा ग्रंथ काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९० साली, पूर्ण केला. ते पंढरपूरला राहिले, पण घराणे संगमेश्वर तालुक्यातील गोळवलीचे. या सगळ्या साहित्याचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे हेही याच जिल्ह्यातले. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९४१ च्या दुसऱ्या खंडात प्रतिष्ठा, पुनःप्रतिष्ठा आणि जीर्णोद्धार यांचा विचार आहे.

देवघरातले देव वाढतात ते मुख्यतः लग्नांमुळे. नवरी माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन येते. सासूची अन्नपूर्णा असतेच, आजेसासूचीही असते. त्यात काशीहून आणलेले शिवलिंग, कुणी भेट दिलेला चांदीचा गणपती, पूर्वजांचे टाक. धर्मशास्त्राची वचने संकलित करणाऱ्या निबंधकारांनी मर्यादा घातली आहे : घरात दोन शिवलिंगे, तीन गणपती, तीन देवी, दोन शंख, दोन शाळिग्राम पूजेत असू नयेत. म्हणजे तिसऱ्या पिढीची सून आली की नियम मोडतो. या नियमामागचे कारण ग्रंथ फारसे उलगडत नाहीत, पण परिणाम उघड आहे. देवांनाही घरात संख्येची मर्यादा आहे, आणि ती भक्तीच्या कमीजास्तपणावर अवलंबून नाही.

मग जास्तीच्या देवांचे काय? उत्तर मूर्तिपूजेच्या रचनेतच आहे. मूर्तीत देव आवाहनाने येतो आणि विसर्जनाने जातो. दर भाद्रपदात कोकणातले घरन् घर याचा प्रत्यय घेते. दीड दिवसाने, पाचव्या दिवशी किंवा गौरीबरोबर उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते आणि त्या क्षणी ती माती होते. मग डोक्यावर घेऊन व्हाळावर किंवा समुद्रावर न्यायची. काल ज्याच्यापुढे एकवीस मोदक होते तो आज पाण्यात, यात कुणाला विसंगती वाटत नाही. ही सवय असलेला समाज तुटक्या बाळकृष्णापुढे मात्र अडखळतो, हे नवल आहे.

निबंधग्रंथांत एक वचन येते, त्यात दहा अवस्था मोजल्या आहेत ज्यांत देव मूर्तीत राहत नाहीत. भंगलेली, तडकलेली, जळलेली, जागेवरून भ्रष्ट झालेली मूर्ती त्यांत आहे, आणि जिची पूजा थांबली आहे ती मूर्तीही आहे. या शेवटच्या अटीचा अर्थ फार मोठा आहे. ट्रंकेत वर्षानुवर्षे कापडात गुंडाळून ठेवलेले देव ‘कोपतील’ ही भीती शास्त्राला धरून नाही. शास्त्राच्या मते ते तिथे नाहीतच. पुन्हा पूजा सुरू करायची तर पुनःप्रतिष्ठा, नाहीतर निरोप. निरोपाची रीत अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या अध्यायात आहे : लाकडाची मूर्ती अग्नीत, दगडाची पाण्यात, धातूची आणि रत्नांची अथांग पाण्यात किंवा समुद्रात, आणि तिच्या जागी त्याच द्रव्याची, त्याच मापाची नवी. काही घरांत झिजलेले टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीत नवे घडवून घेतात. एकच अपवाद सर्वांना ठाऊक असतो : शाळिग्राम. तो भंगला तरी पूज्य. त्यात आवाहन करावे लागत नाही, त्यामुळे त्याचे विसर्जनही नाही. अशा देवाला घराबाहेर काढण्याचा मार्ग एकच, जो पूजा करील त्याच्या हाती देणे.

अथांग पाण्याची अट आज सर्रास मोडली जाते. हेतू हा की मूर्ती कुणाच्या पायाखाली येऊ नये. काजळी नदीच्या मुखाशी भाट्याच्या खाडीत पुलावरून टाकलेली तसबीर मात्र पुढच्या ओहोटीला काचेसकट चिखलात उघडी पडते. वडापिंपळाच्या पारावर ठेवलेल्या फ्रेमा पावसात फुगतात. त्यांत लाकडाचा भुसा, प्लास्टिक, काच आणि गुळगुळीत कागद असतो. पुराणकारांच्या यादीत यांतले काही नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित गणेशमूर्ती दान करण्याची मोहीम काढली तेव्हा तिच्यावर धर्मद्वेषाचा आरोप झाला. पण उत्तरपूजेनंतर मूर्ती माती आहे हे शास्त्र मान्य केले, तर ती माती कुठे जाते हा प्रश्न भावनेचा उरत नाही. तसबिरीची काच आणि चौकट वेगळी करून चित्राचा कागद मातीत पुरणे, धातू सोनाराकडे किंवा तांबटाकडे देणे, हे खाडीत फेकण्यापेक्षा ग्रंथांच्या हेतूला जास्त जवळ आहे.

रत्नागिरीत खरी कोंडी आहे ती बंद घरांची. तरुण मंडळी मुंबईला, पुण्याला, परदेशात. घर उघडते ते गणपतीला आणि शिमग्याला. एरवी देवांना पाणी घालायला शेजारच्याला किंवा गुरवाला सांगून ठेवलेले असते, तेही थकत चाललेले. घरातल्या मूर्ती चल प्रतिष्ठेच्या असतात, त्या हलवता येतात. दूरच्या फ्लॅटमध्ये नेता येतात, चार भावांत वाटता येतात, गावच्या देवळात देता येतात किंवा विसर्जित करता येतात. तरीही पुष्कळ कुटुंबे आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या ओल्या पाषाणावर कळ्या किंवा पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे वाट बघतात; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार मिळाला तरी काम संपत नाही. कोणती अन्नपूर्णा कोणी न्यायची, टाक कुणाकडे, आणि शाळिग्राम ज्याच्याकडे जाईल त्याने रोज पूजा करायची हे कोण कबूल करणार, यावर भावकीची बैठक बसते. धर्मशास्त्राने जास्तीच्या देवांना निरोप द्यायची वाट मोकळी ठेवली आहे आणि देवही बहुधा उजवा कौल देतात. अडते ते सात-बारावरच्या सगळ्या नावांचे एकमत होण्यावर.